हिवाळ्यात, कमी पैशांत बुडापेस्ट: पहिल्यांदाच सॅक घेऊन निघणाऱ्यांसाठी

युरोपातली एखादी राजधानी हिवाळ्यात आणि खिसा सांभाळून बघायची असेल, तर मी हंगेरीच्या बुडापेस्टचं नाव आधी घेईन. व्हिएन्ना अडीच-पावणेतीन तासांच्या रेल्वेवर असूनही खर्च तिथल्यापेक्षा बराच कमी, शहर चालण्याजोगं आणि जमिनीखाली गरम पाण्याचे झरे. डिसेंबर ते फेब्रुवारीत तो शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

एक गोष्ट आधीच सांगते. हिवाळ्यात हॉस्टेल स्वस्त मिळतं, तिकिटंही बरी मिळतात, पण पैसे गारठ्यापायी जातात. तासभर चाललं की बोटं बधिर होतात, मग समोर दिसेल त्या कॅफेत शिरायचं आणि नको असलेली कॉफी नि केक मागवायचा. असं दिवसातून तीनदा झालं की हॉस्टेलच्या एका रात्रीचे पैसे गेले. म्हणून खालचा सगळा बेत एकाच हिशेबानं केलाय: कधी बाहेर राहायचं, कधी उबेत जायचं आणि ती ऊब स्वस्तात कुठे मिळते.

महिना ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ख्रिसमसचे बाजार असतात. रोषणाई बघण्यासारखी, पण हॉस्टेलचे दर चढलेले आणि बाजारातलं खाणं महाग. जानेवारीचा पहिला आठवडा सरला की गर्दी ओसरते आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत शहर सगळ्यात स्वस्त असतं. ते सगळ्यात करडंही याच दिवसांत असतं. जानेवारीत दिवसा दोन-चार अंश, रात्री शून्याखाली, शहरामधून वाहणाऱ्या डॅन्यूब नदीवर धुकं. बर्फ पडेलच असं नाही, फोटो बघून ती आशा धरून जाऊ नका. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. हे सगळं चालणार असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध घ्या.

व्हिसा

हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. जास्तीत जास्त रात्री हंगेरीत काढणार असाल तर अर्जही हंगेरीकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका, दोन महिने हातात ठेवा. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. हॉस्टेलचं बुकिंग फुकटात रद्द करता येणारं घ्या, म्हणजे व्हिसा अडकला तरी पैसे अडकत नाहीत. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर नवी डिजिटल नोंद सुरू झाली आहे. त्यामुळे पहिल्या खेपेस रांगेत जास्त वेळ जाऊ शकतो. पुढची बस किंवा रेल्वे अगदी लागून ठरवू नका.

मुंबईहून थेट विमान नाही. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं.

कपडे: जाड एकापेक्षा पातळ तीन

आपल्याकडून निघणारे लोक एक भलंमोठं जॅकेट विकत घेतात आणि आत सुती बनियन घालतात. चालताना घाम येतो, बनियन ओलं होतं आणि थांबलं की तेच अंगाला गार लागतं. अंगालगत सुती नको, थर्मल हवं. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. मेट्रो, दुकानं, हॉस्टेल सगळीकडे हीटिंग सणसणीत असतं, त्यामुळे दिवसातून दहा वेळा कपडे काढ-घाल करावी लागते. म्हणून थर सुटे हवेत.

पैसे खर्च करायचे तर बुटांवर करा. पाणी न शिरणारे आणि तळाला खाचा असलेले बूट. रात्री ओल्या फरशीवर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, दिसत नाही, आणि किल्ल्याकडच्या उतारावर कॉलेजातले नेहमीचे कॅनव्हासचे बूट सरळ दगा देतात. लोकरीचे मोजे दोन-तीन जोड, कान झाकणारी टोपी, हातमोजे.

जॅकेट नसेल तर इथे आठ-दहा हजार घालवू नका. बुडापेस्टमध्ये जुन्या कपड्यांची दुकानं जागोजागी आहेत, पाटीवर ‘हस्नाल्तरुहा’ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी कपडे चक्क किलोवर विकतात. उत्तम लोकरी कोट तिथे आपल्या कल्पनेपेक्षा स्वस्तात मिळतात. मात्र उतरल्यावर पहिली संध्याकाळ निघेल एवढं काहीतरी अंगावर हवंच.

सॅकमध्ये आणखी: व्हॅसलीन (ओठ दुसऱ्याच दिवशी फुटतात), छोटा थर्मास, कुलूप, रबरी चपला आणि पंचा. हो, पंचाच. टॉवेल हॉस्टेलात भाड्यानं मिळतो आणि वाळता वाळत नाही, पंचा हीटरवर तासाभरात कोरडा. खोबरेल तेल नेलंत तर बाटलीत दगड होईल, रुंद तोंडाच्या डबीत न्या. प्लग दोन गोल पिनांचा लागतो. आपला तीन पिनांचा बसत नाही, अडॅप्टर घ्या.

विमानतळावरून शहरात

बाहेर पडलात की 100ई ही बस थेट मध्यभागी देआक फेरेंत्स चौकात सोडते. तिला वेगळं तिकीट लागतं, दोन हजार फॉरिंटच्या (हंगेरीचं चलन) वर. साधारण चार फॉरिंटला एक रुपया धरा, भाव थोडा इकडेतिकडे होतो. स्वस्त मार्ग असा: 200ई बसने कोबान्या-किश्पेश्ट स्थानक, तिथून निळ्या एम-3 मेट्रोने शहरात. याला साधी तिकिटं चालतात, पासही चालतो. मध्यरात्री उतरलात तर 900 क्रमांकाची रात्रबस आहे, टॅक्सीची गरज नाही.

तीन दिवस राहणार असाल तर विमानतळावरच 72 तासांचा पास काढा. साडेपाच-सहा हजार फॉरिंटच्या घरात पडतो आणि मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं. सुटं तिकीट पाचशेच्या आसपास, पण ते एका प्रवासापुरतं. मेट्रोतून मेट्रोत बदलता येतं, मेट्रोतून उतरून ट्राममध्ये चढलात की नवं तिकीट. कागदी तिकीट यंत्रात छापून घ्यायला विसरलात तर ते नसल्यातच जमा. तपासनीस दंडाला पट्टा बांधून सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच उभे असतात, पर्यटकाला सूट देत नाहीत आणि दंड हजारोंच्या घरात असतो. ते जिने खोल आणि आपल्यापेक्षा वेगवान आहेत, पहिल्यांदा पाय ठेवताना जपून.

एक खुबी पिवळ्या एम-1ची. ही 1896 सालची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. रस्त्यापासून जेमतेम एक जिना खाली, पांढऱ्या फरशांची छोटी छोटी स्थानकं. तिथे एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला खालून वाट नसते. दिशा वर रस्त्यावरच ठरवायची, चुकलात तर परत वर येऊन रस्ता ओलांडायचा.

पाट्या वाचायला सोपा नियम: इथे ‘एस’ अक्षर दिसलं की ‘श’ म्हणायचं, ‘एसझेड’ दिसलं की ‘स’. रस्ता विचारताना बरंच काम भागतं.

हॉस्टेल

स्वस्त हॉस्टेलं सातव्या विभागात, एर्झेबेतवारोशमध्ये, दाटीवाटीने आहेत. पडक्या इमारतींमध्ये थाटलेले इथले बार जगभर गाजलेत. शुक्रवार-शनिवारी पहाटेपर्यंत कल्ला असतो. तो हवा असेल तर जागा उत्तम, झोप हवी असेल तर काल्विन चौकाच्या आसपास किंवा आठव्या-नवव्या विभागात बघा. हिवाळ्यात सामायिक खोलीतला बिछाना पाच ते सात हजार फॉरिंटपर्यंत मिळतो, शनिवार-रविवारी वर जातो. बुक करताना तीन गोष्टी तपासा: स्वयंपाकघर आहे का, रात्री कुणी दार उघडायला असतं का आणि पर्यटक कर दरात धरलाय की वेगळा.

यातली बरीच हॉस्टेलं जुन्या निवासी इमारतींत आहेत. मधे चौक, भोवती मजल्यामजल्यावर लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, थेट गिरगावातली चाळ. खाली रस्त्यावर मोठी पाटी नसते, दारावर बटणांची पाटी आणि कोड असतो. तो कोड, मजला आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. थंडीत मोबाइलची बॅटरी पटकन उतरते आणि नेमकी त्या दाराशी मान टाकते.

स्वयंपाकघर असलं की निम्मी लढाई जिंकली. पोह्यांचं, उपम्याचं, पिठल्याचं तयार पीठ, मेतकूट, चहा पावडर बरोबर न्या. पेढे, तूप, चीज यांना युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, ते घरीच ठेवा. आणि मोहरीची खमंग फोडणी देण्याआधी छतावरचा धुराचा अलार्म बघून घ्या. रात्री अकराला सगळ्या हॉस्टेलला पायऱ्यांवर उभं करायचं नसेल तर खिडकी उघडा आणि फोडणी बेतानं.

दिवस कसा बांधायचा

उजेड साडेसात ते चार. म्हणून बाहेरचं सगळं नऊ ते बारा आणि दोन ते चारमध्ये, मधे पोटभर गरम जेवण, अंधार पडला की उबेची जागा.

पहिला दिवस बुडा बाजू, म्हणजे नदीचा पश्चिम काठ. देआक चौकातून 16 क्रमांकाची बस किल्ल्याच्या टेकडीवर नेते, केबलगाडीचे पैसे वाचतात आणि दमही. मच्छीमारांचा बुरूज बहुतांश फुकट आहे, वरच्या गच्चीचं तिकीट काढायची गरज नाही, खालच्या कमानींतूनही समोर तीच नदी आणि तीच संसद दिसते. टेकडी उतरून बाट्यानी चौकात या. संसदेचा पूर्ण दर्शनी भाग नदीपलीकडून इथूनच दिसतो. आत जायचं तर युरोपीय संघाबाहेरच्यांना तिकीट जवळपास दुप्पट आहे. दोनपैकी एकच परवडत असेल तर मी संसद सोडून हमाम, म्हणजे गरम झऱ्यांचं स्नानगृह, घेईन.

दुसरा दिवस शहरबागेचा, वारोशलिगेतचा. एम-1ने वीरांच्या चौकात उतरायचं. शेजारीच तळ्यावरचं स्केटिंगचं मैदान, 1870 पासून चालत आलेलं. स्केट भाड्यानं मिळतात. वेळा सकाळ-संध्याकाळ अशा तुकड्यांत असतात, आधी बघून जा आणि सुट्टीचा दिवस टाळा. जवळच वंशशास्त्र संग्रहालयाची नवी इमारत आहे, 2022 साली उघडलेली. तिच्या उतरत्या छतावरच्या बागेत फुकट फिरता येतं. वारा मात्र कापून काढतो, दहा मिनिटांत खाली याल.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेश्ट, म्हणजे पूर्व काठाने चाला. साखळी पूल 1849 चा, संसदेजवळ काठावर लोखंडी जोड्यांचं स्मारक. 1944-45 मध्ये ज्या ज्यूंना नदीकाठी उभं करून गोळ्या घातल्या, त्यांना आधी बूट काढायला लावत, म्हणून नुसत्या जोड्या. तिथे मुलांचेही बूट आहेत. पाय गारठले की 2 क्रमांकाची ट्राम पकडा. ती सगळा काठ धरून जाते, पासात येते आणि आत हीटर असतो. दक्षिणेकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा. चार-साडेचारला दिवे लागतात तेव्हाच ही फेरी करा, नदीवरच्या बोटीला पैसे मोजायची इच्छा आपोआप मरते.

उबेची आणखी एक जागा: काल्विन चौकाजवळचं एर्विन साबो ग्रंथालय. जुन्या वाड्यातल्या लाकडी नक्षीच्या दालनांत वाचनकक्ष आहेत. पाहुण्यांना थोडं शुल्क पडतं, पण तासन् तास बसता येतं. बोलायचं नाही, खायचं नाही.

हमाम

सगळे सेचेन्यीला जातात. 1913 सालची पिवळी भव्य इमारत, उघड्यावर 38 अंशांच्या आसपासचं पाणी, त्यावरून उठणारी वाफ, पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. छान आहे, पण तिकीट दहा हजार फॉरिंटच्या वर आणि गर्दी भरपूर. एकदाच जायचं तर मंगळवार-बुधवारी सकाळी उघडताच जा.

मला लुकाच जास्त आवडतं. स्वस्त आहे आणि तिथे गावातले लोक येतात. अंगणातल्या भिंतीवर संगमरवरी पाट्या लावलेल्या आहेत, निरनिराळ्या भाषांतल्या. पाण्यानं सांधेदुखी बरी झालेल्यांनी कृतज्ञता म्हणून बसवलेल्या. त्याहूनही साधं आणि स्वस्त हवं तर दांदार. तिथे शोभेचं काही नाही, गरम पाणी आहे आणि गुडघे धरून बसलेल्या आज्या आहेत. रुदाशचा घुमट सोळाव्या शतकातला, उस्मानी काळातला. तो बघण्यासारखा आहे, पण पैशांच्या बाबतीत मधला. गेलेर्त ऑक्टोबर 2025 पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, काही वर्षं उघडायचा नाही, जुन्या याद्यांवर जाऊ नका.

रीत अशी: तिकिटाबरोबर मनगटात घालायचा पट्टा मिळतो, लॉकर त्यानेच उघडतो. पोहण्याचे कपडे सक्तीचे, अंगभर असलेला पोहण्याचा पोशाख चालतो. टॉवेल (म्हणजे पंचा), चपला आपल्या घेऊन जा, तिथे भाडं आणि अनामत पडते. पोहण्याच्या लांब तलावात टोपी लागते. आधी शॉवर, मग पाणी. बाहेरच्या तलावाकडे जाताना दार उघडल्यावर पंधरा-वीस पावलं उणे तापमानात ओल्या अंगानं धावायचं असतं, तेवढं सोसा. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, चक्कर येते, पाणी पीत राहा. निघताना केस पूर्ण वाळवून टोपी घालूनच रस्त्यावर या. हमामला संध्याकाळी जा, म्हणजे ती ऊब झोपेपर्यंत पुरते आणि रात्रीचा बारचा खर्चही टळतो.

खाणं, विशेषतः शाकाहारींचं

दुपारचं जेवण हेच मुख्य ठेवा. कामाच्या दिवशी दुपारी छोट्या खाणावळींत ‘नपी मेन्यू’ म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक जेवण मिळतं, सूप आणि एक पदार्थ, अडीच ते साडेतीन हजारांत. पर्यटकांच्या रस्त्यावर तेवढ्यात नुसतं सूप येतं.

शाकाहारींनी ‘फोझेलेक’ हे नाव पाठ करावं. वाटाणा, पालक, बटाटा किंवा मसूर यांची दाट भाजी, थाळीभर. वर मांसाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, तो नको म्हणा. अंडं चालत असेल तर तळलेलं अंडं मागा. दुसरा आधार तळलेलं चीज आणि भात. लांगोश म्हणजे तळलेली जाड रोटी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. शाकाहारी आहे, पोट भरतं, आणि फोवाम चौकातल्या 1897 च्या मोठ्या मंडईत वरच्या मजल्यावर घेतलात तर दुप्पट पैसे पडतात. मंडई बघा, खालून फळं घ्या (रविवारी बंद), लांगोश मात्र रस्त्यावरच्या साध्या टपरीवर खा.

फसगत होते ती पोगाचाने. बेकरीतल्या या खारट छोट्या पावांपैकी ‘तेपेर्त्योश’ लिहिलेल्यात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. ‘शाय्तोश’ म्हणजे चीजचा, तो घ्या. राजमासारख्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा सॉसेज असतं. ‘हुश नेल्क्युल’, मांसाशिवाय, हे दोन शब्द सगळीकडे चालतात.

नळाचं पाणी निर्धास्त प्या. बाटली विकत घेतलीच तर 2024 पासून प्रत्येक बाटली-कॅनवर 50 फॉरिंट अनामत असते. मोकळी बाटली न चेपता सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की परत मिळते. हॉस्टेलात लोक बाटल्या सोडून जातात, त्या गोळा केल्या तर एक-दोन पोगाचा सुटतात.

पैशांचे खड्डे

विमानतळावर पैसे बदलू नका. बँकेच्या दारातलं एटीएम वापरा, रस्त्याकडेची नुसती उभी असलेली यंत्रं टाळा. यंत्र ‘रुपयांत वळते करून देऊ का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा, फॉरिंटमध्येच घ्या. तोच प्रश्न दुकानातल्या कार्डयंत्रावरही येतो, उत्तर तेच. बिलात 12-15 टक्के सेवा आकार आधीच जोडलेला असेल तर वेगळी टीप देऊ नका. वात्सी रस्त्यावर कुणी गोड बोलून ‘ओळखीच्या बारमध्ये चल’ म्हणालं तर पुढे चालू पडा. तिथलं बिल सॅकच्या किमतीइतकं येतं. स्वच्छतागृहांसाठी शंभर-दोनशेची नाणी खिशात असू द्या.

डिसेंबरात गेलात तर 24, 25, 26 या तिन्ही तारखांना दुकानं बंद असतात. 24 तारीखही 2024 पासून सार्वजनिक सुट्टी आहे. त्या दिवशी दुपारनंतर ट्राम-बसही आवरत्या घेतात. 23 लाच तीन दिवसांचा किराणा भरून ठेवा, नाहीतर पेट्रोल पंपावरच्या सँडविचवर ख्रिसमस काढावा लागेल.

एकूण हिशेब: बिछाना सहा हजार, पास दोन, जेवणखाण पाच, एक दिवसाआड हमाम धरून अडीच. दिवसाला पंधरा-सोळा हजार फॉरिंट, म्हणजे चार हजार रुपयांच्या आसपास. दोन वेळा स्वतः रांधलंत तर याहून खाली येता येतं.

उरलेले फॉरिंट भारतात बदलून मिळणं कटकटीचं आहे. शेवटच्या दिवशी सुपरमार्केटमध्ये जाऊन पाप्रिकाच्या पुडीत संपवा, मंडईतल्या कापडी पिशवीतली तीच पुडी महाग पडते. पुडीवर ‘एदेश’ असेल तर गोडसर, ‘चिप्योश’ असेल तर तिखट.